कुरळ्या केसांची मॅडम

ज्या घरात कुरळ्या केसांची मुलगी आहे, त्या घरातल्या आईला सकाळची गडबड वेगळी सांगायला नको. डबा भरायचा राहिलेला, दाराशी रिक्षावाले काका हॉर्न वाजवताहेत आणि इकडे फणी गुंत्यात अडकून बसलेली. मुलगी रडकुंडीला आलेली, आईचा जीव मेटाकुटीला. शेवटी तेलाचा हात फिरवून, केस ओढून-ताणून दोन घट्ट वेण्या घातल्या की दोघींची सुटका होते. पुढे हीच मुलगी मोठी झाली की केस सरळ करून घेण्याचा सल्ला द्यायला मावशी-आत्यांपासून पार्लरवालीपर्यंत सगळ्या तयारच असतात. जणू कुरळे केस म्हणजे दुरुस्त करायची एखादी चूकच!

मैत्रिणींनो, आज जिची ओळख करून देणार आहे ती बाई आपल्या देशातली नाही आणि आपल्या काळातलीही नाही. तिला जाऊन शंभराहून अधिक वर्षं झाली. पण केस, गरिबी आणि स्वाभिमान या तिन्हींचा एकमेकांशी किती जवळचा संबंध असतो, हे तिच्या आयुष्यातून जितकं कळतं तितकं क्वचितच कुठे कळेल. तिचं नाव सारा ब्रीडलव्ह. जग मात्र तिला मॅडम सी. जे. वॉकर या नावाने ओळखतं.

सारा अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजातली. या समाजातल्या बहुतेक बायकांचे केस आपल्याकडच्या कुरळ्या केसांपेक्षा कितीतरी अधिक वळलेले, अगदी स्प्रिंगसारखे असतात. सरळ केसावरून टाळूतलं नैसर्गिक तेल मुळापासून टोकापर्यंत सहज उतरतं. वळणावळणाच्या केसावर ते मध्येच अडतं. त्यामुळे असे केस टोकाकडे कोरडे पडतात आणि प्रत्येक वळणावर तुटायची भीती असते. रोज फणी ओढली तर लांबी वाढायच्या ऐवजी कमीच व्हायची!

यावर आफ्रिकेतल्या बायकांनी शेकडो वर्षांपूर्वी एक शहाणपणाचा उपाय शोधला होता, तो म्हणजे वेण्या. आपल्यासारखी एक किंवा दोन नव्हेत, तर डोकंभर बारीक बारीक वेण्या. एकदा घातल्या की कित्येक दिवस सोडायच्या नाहीत. रोजची फणी नाही, ओढाताण नाही, उन्हा-धुळीचा मारा कमी. केस आतल्या आत सुखाने वाढतात. टाळूला चिकटून ओळीने घातलेल्या वेण्यांना अमेरिकेत मक्याच्या शेतातल्या ओळींवरून कॉर्नरोज हे नाव पडलं. कॅरिबियन बेटांवर गुलामांना उसाच्या मळ्यात राबवलं जाई. तिथे त्याच वेण्या उसाच्या ओळींच्या नावाने ओळखल्या गेल्या. राबणाऱ्या बाईला स्वतःच्या डोक्यावरही शेतच दिसलं, आणखी काय!

आफ्रिकेतून माणसं धरून अमेरिकेला नेली, तेव्हा तिथली तेलं, फण्या आणि मुख्य म्हणजे एकमेकींच्या वेण्या घालायला लागणारा निवांतपणा मागेच राहिला. कापसाच्या मळ्यात उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम. डोक्याला फडकं बांधलेलं. आठवडाभर केसांच्या बटा दोऱ्याने नाहीतर चिंध्यांनी गुंडाळून ठेवायच्या आणि रविवारी प्रार्थनेला जाताना सोडायच्या. सोडल्या की त्या छान मोकळ्या, लाटेदार कुरळ्या होऊन उतरत. सहा दिवस मालकाचे आणि एक दिवस आपला, त्या दिवसाची ही केशरचना. आज अमेरिकेत बारीक वेण्या घालून मधून मधून कुरळ्या बटा मोकळ्या सोडायची जी फॅशन आहे, तिच्यामागे अशा कित्येक रविवारांची परंपरा आहे, हे लक्षात ठेवायला हवं.

केसांवरही सत्ता चालवता येते, बरं का! १७८६ साली लुईझियाना प्रांताच्या स्पॅनिश गव्हर्नरने हुकूम काढला होता की, कृष्णवर्णीय स्त्रिया गुलाम नसल्या, स्वतंत्र असल्या, तरी त्यांनी केस सजवून मिरवू नये, डोक्याला फडकं बांधावं. बायकांनी काय केलं, तर ती फडकीच इतक्या रंगांची आणि इतक्या ऐटीत बांधली की तीच शोभा ठरली. आपल्याकडे विधवांच्या डोक्यावरून वस्तरा फिरत होता, तो इतिहास आपण जाणतोच. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधवांनी सभा घेऊन हे काम करणार नाही असं ठरवलं, ते उगाच नव्हे. बाईच्या केसांवर हक्क कुणाचा, हा प्रश्न तिकडेही होता आणि इकडेही.

त्याच लुईझियानात, मिसिसिपी नदीकाठच्या डेल्टा नावाच्या गावात २३ डिसेंबर १८६७ रोजी साराचा जन्म झाला. आई मिनर्व्हा, वडील ओवेन. दोघांचीही हयात कापसाच्या मळ्यावर गुलामीत गेलेली. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. म्हणजे सारा ही त्या घरातली स्वतंत्र म्हणून जन्मलेली पहिली लेक. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला, त्या वर्षी सारा पाच-सहा वर्षांची पोर होती आणि मळ्यावरच्या झोपडीत वाढत होती. कायद्याने बेड्या तुटल्या होत्या, पण हातावरचं पोट काही सुटलं नव्हतं.

सात वर्षांची होईतो आई आणि वडील दोघंही गेले. थोरली बहीण लुव्हेनिया हिच्या आधाराने ती राहिली. दहाव्या वर्षी दोघी नदीपलीकडच्या व्हिक्सबर्गला गेल्या. तिथे सारा लोकांच्या घरी काम करू लागली. मेहुणा जाच करायचा. शाळा म्हणाल तर चर्चमध्ये रविवारी भरणारी, तीही सगळी मिळून तीनेक महिने. मेहुण्याच्या घरातून सुटायचं म्हणून चौदाव्या वर्षी तिने मोझेस मॅकविल्यम्स याच्याशी लग्न केलं. १८८५ मध्ये मुलगी झाली, लीलिया. आणि १८८७ मध्ये नवरा वारला. वय वर्षं वीस सुद्धा पूर्ण नाही, पदरात दोन वर्षांची पोर आणि गाठीला पैसा नाही. आपल्या गावातल्या किती जणींची नावं आत्ता तुमच्या डोळ्यांसमोर आली, सांगा बरं!

साराचे भाऊ सेंट लुईस शहरात केस कापायचा व्यवसाय करत होते. लेकीला घेऊन ती तिकडे गेली आणि कपडे धुवायचं काम तिने धरलं. श्रीमंतांच्या घरचे कपडे आणायचे, मोठ्या टबात उकळत्या पाण्यात सोड्याच्या साबणाने घासायचे, पिळायचे, वाळवायचे, इस्त्री करून पोचवायचे. दिवसाला जेमतेम डॉलर-दीड डॉलर. अशी थोडीथोडकी नाही, तब्बल सतरा-अठरा वर्षं! त्या पैशांतून तिने एकच गोष्ट हट्टाने केली. लीलियाला शिकवलं, अगदी टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिलच्या कॉलेजात पाठवण्यापर्यंत. याच काळात दुसरं लग्न झालं, तेही सुखाचं नव्हतं. शेवटी ती त्यातून बाहेर पडली.

आणि अशात तिचे केस गळायला लागले. टाळूवर खपल्या, खाज, कोंडा, जागोजागी टक्कल. ही तक्रार तिच्या एकटीची नव्हती. तेव्हा तिथल्या गरीब वस्त्यांत घरात नळ नसायचा. पाणी भरून आणून तापवायचं म्हटलं तर स्वयंपाक आणि धुणं यांतच ते संपे. केस धुवायला महिना महिना उलटायचा. धुतले तरी कडक सोड्याचा साबण. त्यात खाण्यापिण्याची आबाळ, काळज्या आणि डोक्यावर सतत बांधलेलं फडकं. केस जाणार नाहीत तर काय होणार? चर्चमध्ये शिकलेल्या, नीटनेटक्या बायका यायच्या. त्यांच्याकडे पाहून साराला स्वतःच्या डोक्याची लाज वाटायची. लाज वाटावी असं तिने काहीच केलेलं नव्हतं, पण गरिबीचं हेच तर असतं. दोष परिस्थितीचा आणि मान आपली खाली.

त्याच सुमाराला सेंट लुईसमध्ये अ‍ॅनी टर्नबो नावाची दुसरी एक कर्तबगार कृष्णवर्णीय बाई केसांसाठीची औषधं स्वतः बनवून दारोदार विकत होती. सारा आधी तिची गिऱ्हाईक झाली आणि मग तिची विक्रेती. १९०५ मध्ये ती डेन्व्हरला गेली. तिथे स्वयंपाकाची कामं करता करता तिने स्वतःचं मलम बनवायला सुरुवात केली. गंधक, व्हॅसलिन, मेण, खोबरेल आणि वासासाठी सुगंध, असा तो साधा मसाला. खोबरेल तेल वाचून आपल्याला घरचंच वाटलं ना! हे औषध आपल्याला स्वप्नात सांगितलं गेलं, असं ती सांगायची. अ‍ॅनीबाईंना अर्थातच ते पटलं नाही, आणि दोघींची चढाओढ पुढे वर्षानुवर्षं चालली. गंधकाचा उपाय मात्र दोघींच्याही आधीपासून लोकांना माहीत होता. साराचं खरं वैशिष्ट्य त्या डबीत नव्हतंच, ते होतं पुढच्या कामात.

१९०६ च्या जानेवारीत तिने चार्ल्स जोसेफ वॉकर याच्याशी लग्न केलं. त्याला वर्तमानपत्रातल्या जाहिरातींची चांगली जाण होती. त्याच्या आडनावावरून ती मॅडम सी. जे. वॉकर झाली. हा ‘मॅडम’ शब्दही विचार करून घेतलेला. त्या काळी गोरी माणसं कृष्णवर्णीय बाईला, ती आजी झाली तरी, एकेरी नावानेच हाक मारत. आता मालाच्या डबीवरच मॅडम छापलेलं, मग काय करता! घेणाऱ्याला मॅडम म्हणावंच लागायचं.

डब्या घेऊन ती दक्षिणेकडच्या राज्यांत गावोगाव फिरली. एखाद्या चर्चमध्ये नाहीतर कुणाच्या घरी बायका जमवायच्या, एकीचं डोकं धुऊन दाखवायचं, टाळूला मलम कसं चोळायचं ते शिकवायचं आणि मग विक्री. केस नियमित धुवा, टाळू स्वच्छ ठेवा, ही तिची पहिली शिकवण असे. कपाळाच्या कडेचे, कानशिलावरचे केस विरळ होतात त्यासाठी तिचं वेगळं मलम होतं. जाहिरातीत तिने कुठल्या गोऱ्या सुंदरीचं चित्र न छापता स्वतःचेच फोटो छापले, आधीचा आणि नंतरचा. मी कशी होते आणि कशी झाले, ते बघा! विश्वास बसायला आणखी काय हवं?

आमच्या बचत गटांच्या कामात मी नेहमी पाहते, आपल्या बायका पापड, मसाले, कुरडया एक नंबर करतात, पण चार लोकांत उभं राहून किंमत सांगायची वेळ आली की आवाज खाली जातो. मॅडम वॉकरने नेमकं हेच हेरलं. नुसता माल विकणाऱ्या बायका तिला नको होत्या, तिला शिकलेल्या विक्रेत्या हव्या होत्या. १९०८ मध्ये पिट्सबर्गला तिने लेकीच्या नावाने लीलिया कॉलेज सुरू केलं. तिथे केसांची निगा शिकवून प्रमाणपत्र दिलं जाई. १९१० मध्ये ती इंडियानापोलिसला आली, कारण तिथून चारी दिशांना रेल्वे जात आणि टपालाने माल पाठवणं सोपं होतं. कारखाना, पार्लर, शाळा असं सगळं तिथे उभं राहिलं. गेल्या वर्षापर्यंत दुसऱ्याची भांडी घासणारी बाई आता पांढरं ब्लाऊज, काळा स्कर्ट घालून, हातात काळी बॅग घेऊन ऐटीत घरोघरी जाऊ लागली. १९१९ पर्यंत अशा विक्रेत्यांची संख्या वीस हजारांच्या घरात गेल्याचं कंपनी सांगत असे. कित्येकींनी या पैशांतून घरं बांधली, मुलं शिकवली.

स्वतःच्या अपुऱ्या शिक्षणाची मात्र तिला सल होती. तिने अ‍ॅलिस केली नावाच्या शिक्षिकेला नोकरीत घेतलं आणि तिच्याकडून ती लिहिणं, बोलणं, वागण्यातल्या रीतीभाती शिकत राहिली. चाळिशी उलटल्यावर! आता या वयात काय शिकायचं, असं म्हणणाऱ्या आपल्या सगळ्यांना हा चांगलाच चिमटा आहे.

१९१२ मधला एक प्रसंग फार बोलका आहे. शिकागोला कृष्णवर्णीय व्यावसायिकांचं अधिवेशन होतं. अध्यक्ष होते बुकर टी. वॉशिंग्टन, त्या समाजाचे तेव्हाचे सर्वांत वजनदार पुढारी. बोलायची संधी मिळावी म्हणून मॅडमने खटपट केली. त्यांनी दुर्लक्ष केलं. एक तर बाई, त्यात केसांचा धंदा! केस सरळ करण्याचा प्रकार त्यांना मुळीच पसंत नव्हता. शेवटच्या दिवशी ती जागेवरच उठून उभी राहिली आणि बोलायलाच लागली. कापसाच्या मळ्यातून धुण्याच्या टबापर्यंत, तिथून परक्यांच्या स्वयंपाकघरात आणि तिथून स्वतःच्या कारखान्यापर्यंत कशी आले, ते तिने भर सभेत सांगितलं. सभा ऐकत राहिली. पुढच्या वर्षीच्या अधिवेशनात तिला वक्ता म्हणून रीतसर बोलावणं होतं.

याच १९१२ मध्ये या घरात एक वेणीवाली आली. फेअरी मे ब्रायंट ही इंडियानापोलिसची मुलगी, गरीब घरातली, वडील नसलेली. वय तेरा-चौदा. तिचे केस कमरेच्याही खाली जाणारे, दाट, दोन जाड वेण्यांत मावणारे. मॅडमच्या घरी वरकामाला ती येत-जात असे. त्या वेण्या पाहून मॅडमला वाटलं, आपल्या मालाची याहून चांगली जाहिरात कुठली! लीलियाने आईच्या पसंतीने या मुलीला रीतसर दत्तक घेतलं. मुलीच्या आईशी संबंध तोडायचे नाहीत आणि मुलीला चांगलं शिकवायचं, हे ठरवून. आता खरं सांगायचं तर मेचे केस काही वॉकर मलमाने वाढलेले नव्हते, ते तिला घराण्यातूनच मिळालेले होते. तरी ती मॉडेल झाली. पण तिला स्पेलमन या नामवंत संस्थेत शिकवलंही गेलं, आणि लीलियाच्या मृत्यूनंतर, १९३१ मध्ये, हीच वेण्यांची पोर कंपनीची प्रमुख झाली. मे हिचीच नात अ‍ॅलिलिया बंडल्स हिने पुढे मॅडमचं सविस्तर चरित्र लिहिलं.

मॅडमवर टीका होत नव्हती असं नाही. तिच्या पद्धतीत लोखंडी कंगवा तापवून केसांतून फिरवला जाई आणि त्याने कुरळे केस सरळ होत. हा कंगवा तिनेच शोधला असं अनेक ठिकाणी छापलेलं वाचायला मिळतं. ते खरं नाही, तो आधीपासूनच बाजारात होता. पण तिने तो हजारो घरांत पोचवला, हे खरं. आपल्या बायकांना गोऱ्यांसारखं दिसायला शिकवते, असा तिच्यावर आरोप झाला. तिला तो फार लागायचा. आपण केस सरळ करत नाही, केसांचं आरोग्य राखतो, असं तिचं म्हणणं होतं. केस सरळ करणारी हा शब्द तिने आपल्या जाहिरातीत येऊ दिला नाही आणि ती हयात असेपर्यंत कातडी गोरी करणारी क्रीम तिच्या कंपनीने विकली नाही. मला विचाराल तर दोन्ही बाजूंत तथ्य आहे. धुतलेले, नीट विंचरलेले केस हा तिने बायकांना मिळवून दिलेला मान होता. पण नीट म्हणजे सरळ, ही समजूतही त्या तापलेल्या कंगव्याबरोबर घराघरांत शिरली. चांगल्या कामाचीही एक सावली पडते. ती मान्य केल्याने माणूस लहान होत नाही.

पैसा आल्यावर ती काय करत होती, हेही बघायला हवं. १९११ मध्येच तिने इंडियानापोलिसच्या कृष्णवर्णीय तरुणांच्या वायएमसीए इमारतीला एक हजार डॉलर दिले होते. कालपर्यंत धुणं धुणारी बाई एवढी रक्कम देते म्हटल्यावर लोक चकित झाले. १९१७ च्या जुलैत ईस्ट सेंट लुईसला गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीयांची कत्तल केली. जमावाने माणसं फासावर लटकवण्याचे प्रकार देशभर चालूच होते. त्याविरुद्ध कायदा करा म्हणून हार्लेमच्या पुढाऱ्यांसोबत ती थेट राष्ट्राध्यक्षांच्या दारात, व्हाइट हाऊसला गेली. राष्ट्राध्यक्ष विल्सन भेटले नाहीत. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस फिलाडेल्फियाला तिने आपल्या विक्रेत्यांचं अधिवेशन भरवलं. दोनशेच्या आसपास बायका आल्या होत्या. जास्त विक्री करणारीला बक्षीस होतंच, पण समाजकार्याला जास्त मदत करणारीलाही बक्षीस होतं. आणि या केसांची मलमं विकणाऱ्या बायकांनी त्या कत्तलीच्या निषेधाची तार राष्ट्राध्यक्षांना पाठवली. बचत गटाच्या मेळाव्यात आपणही बक्षिसं देतो. मदत करणारीसाठी एखादं ठेवायला काय हरकत आहे?

१९१८ मध्ये न्यूयॉर्कजवळ हडसन नदीकाठी, जिथे बडे बडे उद्योगपती राहत, तिथे तिने चौतीस खोल्यांचा वाडा बांधला. व्हिला लवारो त्याचं नाव. वास्तुशिल्पीही कृष्णवर्णीयच, व्हर्टनर टँडी. पण त्या घराचं सुख तिच्या वाट्याला वर्षभरच आलं. रक्तदाबाने मूत्रपिंडं निकामी झाली होती. शेवटच्या दिवसांत तिने जमावाच्या हिंसेविरुद्धच्या निधीला पाच हजार डॉलर जाहीर केले. कंपनीच्या पुढच्या नफ्याचा दोन तृतीयांश भाग समाजकार्याला जावा असं मृत्युपत्रात लिहिलं. २५ मे १९१९ रोजी ती गेली, वय अवघं एक्कावन्न. स्वकष्टाने लक्षाधीश झालेली अमेरिकेतली पहिली स्त्री म्हणून गिनेस बुकात तिची नोंद आहे. प्रत्यक्ष मोजदाद झाली तेव्हा मालमत्ता सहा लाख डॉलरच्या आसपास भरली, असं सांगतात. आकडा काहीही असो. टबात हात बुडवून जगलेल्या बाईचा तो आकडा होता!

तिच्यानंतर केसांची गोष्ट थांबली नाही. १९६० नंतर हक्कांच्या चळवळीबरोबर कृष्णवर्णीय तरुणींनी तापलेला कंगवा बाजूला ठेवला. आजीच्या बारीक वेण्या पुन्हा डोक्यावर आल्या. पण कचेऱ्यांना त्या चालेनात. एका विमान कंपनीतल्या कृष्णवर्णीय कर्मचारी स्त्रीला वेण्या घालून यायला मनाई झाली. ती न्यायालयात गेली आणि १९८१ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. त्याच्या दोनच वर्षं आधी एका गोऱ्या अभिनेत्रीने सिनेमात तशाच वेण्या घातल्या होत्या, तेव्हा मात्र त्यांचं कोण कौतुक झालं होतं! अमेरिकी सैन्यातही वेण्यांच्या प्रकारांवर बंधनं होती. २०१४ मध्ये त्यावर मोठा ओरडा झाला, तेव्हा ती शिथिल झाली. अखेर २०१९ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने कायदा केला की, वेण्या किंवा नैसर्गिक कुरळे केस यांवरून शाळेत आणि नोकरीत कुणालाही अडवायचं नाही. नंतर वीसहून अधिक राज्यांनी तसे कायदे केले. १७८६ च्या त्या फडक्याच्या हुकमापासून इथवर यायला दोनशे तेहतीस वर्षं लागली!

आता या वेण्या कशा घालतात तेही थोडक्यात सांगते. डोक्यावर छोटे छोटे चौकोनी भांग पाडून प्रत्येकाची वेगळी वेणी घालतात. भरीव दिसावी म्हणून त्यात आपल्या गंगावनासारखे वेगळे केस गुंफतात. मधून मधून किंवा टोकाला कुरळ्या बटा मोकळ्या सोडतात. बसून बसून पाठ धरते, चार-सहा तास सहज लागतात. मग दीड-दोन महिने बघायला नको. रात्री मऊ सॅटिनचं फडकं बांधून झोपायचं, म्हणजे केस उशीवर घासत नाहीत. मात्र मोकळ्या बटांचा गुंता होतो, त्यांना रोज थोडा पाण्याचा आणि तेलाचा हात लावावा लागतो. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे वेणी घट्ट ओढायची नाही. सतत ओढल्याने कपाळाच्या आणि कानशिलाच्या कडेचे केस मुळापासून जातात, आणि फार दिवस तसंच चाललं तर ते परत येत नाहीत. संरक्षणासाठी घातलेली वेणीच मग वैरीण होते.

हा शेवटचा नियम आपल्या दोन शाळकरी वेण्यांनाही तितकाच लागू आहे, बरं का. कुरळ्या केसांच्या लेकीचे केस कोरडे असताना बारीक फणीने ओढू नका. ओले असताना, तेलाचा हात लावून, मोठ्या दातांच्या फणीने टोकाकडून वर वर सोडवत न्या. वेणी सैल घाला. सुटीच्या दिवशी केस मोकळे सोडले तर सोडू द्या. आणि कुणी तिला ते सरळ करून घ्यायला सांगितलं, तर तिला ही सारा नावाच्या धोबिणीची गोष्ट सांगा. स्वतःच्या डोक्याची लाज वाटते तिथपासून ती निघाली होती. पुढे तिने काय काय केलं ते तुम्ही वाचलंतच. आपल्या मुलींनी लाजेपासून सुरुवात करण्याचं तर काहीच कारण नाही.